फोन घरातला, भांडण वर्गातलं

विट्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. या वयाची मुलं अजून बाईंना थोडीफार घाबरतात आणि मोबाइलमधलं मात्र बाईंपेक्षा जास्त जाणतात. आमच्या पालकसभांत पूर्वी गणवेश, पोषण आहार आणि शुद्धलेखन यांवर बोलणं व्हायचं. आता सभा कशावरूनही सुरू होवो, इन्स्टावर येऊन थांबते. शाळा म्हणते, घरच्यांनी लक्ष द्यायला हवं. घरचे म्हणतात, शाळेनं काहीतरी करावं. या ढकलाढकलीतून बाहेर पडता पडता जे कळलं ते लिहिते आहे. मुद्दे मागेपुढे झाले तरी चालतील, पहिला मात्र पहिलाच हवा.

१. सुरुवात शाळेने करावी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी जाऊ लागला. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पुढे शाळा उघडल्या, पण ग्रुप तसेच राहिले. रात्री साडेआठला गृहपाठाचा फोटो, सव्वानऊला 'उद्या चार्टपेपर आणणे', दहाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. सातवीतलं पोर 'गृहपाठ बघायचाय' म्हणून आईचा फोन नेतं, आणि तो परत कधी येतो ते त्या आईलाच विचारावं. मोबाइलच्या दुष्परिणामांवर आमचं भाषण चाललेलं असताना मागच्या बाकावरून एक आई उठून म्हणाली, "मॅडम, गृहपाठ तुम्हीच मोबाइलवर टाकताय आन् मोबाइल देऊ नका म्हणून तुम्हीच सांगताय. आमी करायचं काय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून पद्धत बदलली. गृहपाठ फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो दैनंदिनीत उतरवायचा. ग्रुपवर फक्त सूचना, त्याही संध्याकाळी सहाच्या आत, आणि तिथे लिहिण्याची मुभा शिक्षकांनाच. वर्गात न आलेल्या मुलाने मैत्रिणीची किंवा मित्राची वही मागून घ्यायची, आम्ही घ्यायचो तशी. शिक्षकांपैकी काहींनी कुरकुर केली, कारण फळ्यावर लिहिण्यात तासातली पाच-सात मिनिटं जातात आणि फोटो एका बोटात जातो. पण त्यानंतरच्या सभेत पालकांचा सूर बदललेला होता. शाळेनं स्वतःचं काही सोडलं, हे त्यांना दिसलं होतं.

दुसरी गोष्ट शाळेच्या स्वतःच्या पेजची. स्नेहसंमेलनातल्या नाचाचे रील शाळाच टाकते, आणि खाली अनोळखी माणसांचे बदामाचे डोळे आणि नको ते शेरे येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि मुलांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण संमती विचारायला नियमांची वाट कशाला बघायची? आम्ही प्रवेश अर्जासोबत एक ओळ घातली: मुलाचा फोटो शाळेच्या पेजवर टाकलेला चालेल का? 'नाही' म्हणणारे पालक आमच्या अंदाजापेक्षा बरेच निघाले. आता फोटो लांबून, घोळक्याचे, नावाशिवाय आणि शेऱ्यांची जागा बंद करून.

२. जो फोनचा मालक, तो सभेला हवा

पालकसभा सकाळी अकराला ठेवली की आया येतात. फोन घेऊन देणारे, रिचार्ज मारणारे आणि 'राहू दे गं, सगळेच बघतात' म्हणणारे येत नाहीत. आमच्याकडे तर गोष्ट आणखी वेगळी. खानापूर, आटपाडी भागातली घरं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यामुळे देशभर पांगलेली आहेत. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील तमिळनाडूत, केरळात, नाहीतर पंजाबात. घरी आई, आजी-आजोबा आणि फोन. बापाचं तोंड दिसायचं तर याच फोनवर दिसतं. गावात असलेल्या वडिलांपैकी बरेच यंत्रमागावर पाळीत असतात, त्यांना अकरा वाजता सुटी मागता येत नाही.

म्हणून एक सभा दिवाळीच्या सुटीत घेतली. परगावची माणसं तेव्हा गावात असतात. सुटीत शाळेत यायचं म्हणून शिक्षकांची तोंडं पडली होती, पण वर्ग भरला. बोलणं सुरू झाल्यावर कोइमतूरला गलाईचं दुकान असलेले एक वडील म्हणाले, "मॅडम, मी वर्षातनं दोनदा येतो. पोरगं माझ्याशी बोलावं म्हणून मी फोन घेऊन दिला. त्योच काढून घ्या म्हणताय व्हय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. 'मोबाइलमुक्त बालपण' वगैरे फलक लावणाऱ्यांनी या माणसाला काय उत्तर द्यायचं ते सांगावं.

आम्ही त्यांना फोन काढायला सांगितलं नाही. मुलाशी बोलणं आईच्या किंवा आजोबांच्या फोनवर, बाहेरच्या खोलीत, ठरलेल्या वेळी होऊ शकतं. मुलाच्या नावाचं वेगळं सिम आणि दार लावून घेतलेली खोली यांची त्यासाठी गरज नसते. आणि लांबच्या वडिलांना एक काम देता येतं, हे त्या सभेत सुचलं. गूगलचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप मुलाच्या अँड्रॉइड फोनची रात्रीची वेळ, कोणतं अ‍ॅप उतरवायचं आणि कोणतं नाही, हे दुसऱ्या फोनवरून ठरवू देतं. तो दुसरा फोन शेजारच्या खोलीत असो नाहीतर कोइमतूरला. शिवाय रिचार्ज बहुतेक वेळा तिकडूनच होतो, म्हणजे रोजचा दीड जीबी द्यायचा की कमीतला प्लॅन, हेही वडिलांच्याच हातात. आठवीतल्या एका मुलाने नंतर माझ्याकडे तक्रार केली की पप्पा आता कोइमतूरहून रात्री नऊला फोन बंद करतात. तक्रार करताना तो हसत होता.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ही समिती बहुतेक ठिकाणी इमारत आणि आहाराच्या वहीवर सह्या करण्यापुरती उरते. हा विषय तिथे न्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

३. 'सगळ्यांकडे आहे' हे मोजून बघावं

बारा वर्षांच्या मुलाकडे या वाक्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. आईवडील एकटे असतात आणि समोर 'सगळे' उभे असतात. आम्ही सातवीच्या वर्गात नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतल्या: स्वतःचा फोन आहे का, स्वतःचं इन्स्टा खातं आहे का, रात्री फोन कुठे असतो? स्वतःचा फोन असलेली मुलं निम्म्याहूनही कमी निघाली. हे सभेत सांगितलं तेव्हा काही पालकांनी शेजारच्यांकडे वळून विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे पण न्हाई?" प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढे मागासलेले.

आयर्लंडमध्ये ग्रेस्टोन्स नावाच्या गावात २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालक संघटनांनी मिळून ठरवलं की माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही, शाळेत नाही आणि घरीही नाही. सक्ती नव्हती, सही करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. त्या गावाची आणि आमची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, पण एक घर जे टिकवू शकत नाही ते एक वर्ग टिकवू शकतो, एवढं तिथून उचलता आलं. आमच्या सातवीच्या पालकांनी तीनच गोष्टी ठरवल्या. दहावीपर्यंत स्वतःचं सिम नाही. रात्री नऊनंतर फोन मोठ्या माणसांच्या खोलीत. नवं खातं उघडायचं तर घरातल्या कुणाला तरी माहीत हवं. यादी याहून मोठी करायचा मोह काही उत्साही पालकांना झाला होता. इंग्रजी शब्दांनी भरलेला दोन पानी मसुदाही एकाने आणला. तो बाजूला ठेवला.

४. खोटं जन्मवर्ष टाकणारा हात मोठ्या माणसाचा असतो

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची वयाची अट १३ वर्षांची आहे. सहावीतल्या मुलाचं वय अकरा-बारा. मग खातं उघडतं कसं? मामेभाऊ किंवा कॉलेजातली ताई उघडून देते आणि जन्मवर्ष २००० टाकते. घरात याकडे कुणी खोटेपणा म्हणून बघत नाही, दोन मिनिटांचं काम म्हणून बघतात.

त्याचा परिणाम मात्र लांबवर जातो. १८ खालच्यांसाठीची 'टीन अकाउंट्स' इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतातही आणायला सुरुवात केली. त्यात खातं आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना वाजत नाहीत आणि १६ खालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची मंजुरी लागते. पण अ‍ॅपच्या लेखी आमची सातवीतली मुलगी पंचवीस वर्षांची बाई असते. तिला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून सभेत आम्ही उपदेश कमी केला आणि मुलांकडूनच पालकांना सेटिंग उघडून दाखवायला लावलं. ज्यांचे तेरा पूर्ण झाले होते त्यांनी जन्मतारीख खरी केली. ज्यांचे झाले नव्हते त्यांना सांगितलं की खरी तारीख टाकली तर खातं बंद होईल, आणि ते झालेलं बरं. एका घरात यावरून दोन दिवस अबोला होता असं कळलं.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना समाजमाध्यमांवर खातंच ठेवता येऊ नये असा कायदा लागू केला. त्यात दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा आईबापांना नाही. हा भाग मला पटतो. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल, तोवर मामेभावाशी बोलावं लागणार.

५. भोंगा दंडापेक्षा बरा

शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने ग्रामसभेत ठराव केला: १८ खालच्यांना मोबाइलबंदी, मोडली तर २०० रुपये दंड.

दोन्हींमागची काळजी एकच आहे, पण मला वडगावची वाट जास्त जवळची वाटते. तिथे आजीची मालिकाही बंद होते. नियम मोठ्यांनाही आहे म्हटल्यावर मुलं निदान वाद घालत नाहीत. आमच्या एका पाचवीतल्या मुलाला वर्गात विचारलं, घरी मोबाइल कोण जास्त बघतं? तो म्हणाला, "आई रील बघते, पप्पा भाव बघतात, मी अभ्यास करतो." तिसरा भाग खोटा होता, पहिले दोन खरे असावेत.

भोंग्याची मर्यादाही आहे. सात ते साडेआठ अभ्यास होतो, पण वर्गाचे घोळ होतात ते रात्री दहानंतर, पांघरुणात. आणि शहराजवळच्या वस्तीत ज्याच्या-त्याच्या कामाच्या पाळ्या वेगळ्या, तिथे सगळ्यांसाठी एक भोंगा वाजवणार कुठून?

६. पहिला दगड अनोळखी माणसाचा नसतो

पालकांना भीती असते ती अनोळखी माणसाची. ती खोटी नाही. पण माझ्यापर्यंत आलेली बहुतेक प्रकरणं वर्गातल्याच मुलांची होती. मुलांचा वेगळा ग्रुप असतो, त्याला नाव 'ऑफिशियल' असतं आणि त्यात शिक्षक नसतात. कुणाला तरी त्यातून रात्री काढून टाकतात. सहलीच्या बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेल्या मुलाच्या फोटोचं स्टिकर होतं आणि सकाळी प्रार्थनेच्या रांगेत सगळे त्याच्याकडे बघून हसत असतात. तो पोटात दुखतंय म्हणून घरी राहतो. तीन-चार दिवसांनी आजी चौकशीला येते तेव्हा कळतं.

इथे शाळा म्हणू शकते की हे शाळेबाहेर, शाळेच्या वेळेनंतर झालं. पालक म्हणतात, पोरं तुमचीच आहेत. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा त्या मुलाला उपयोग नाही. अशा वेळी काय करायचं ते आधी ठरलेलं असलं की बरं पडतं. आमचं असं ठरलं: दोन्ही बाजूंच्या पालकांना पहिल्याच दिवशी एका खोलीत बसवायचं नाही. तसं केलं की मुलांचं भांडण बाजूला राहतं आणि भावकीचं निघतं. आधी मुलं वेगवेगळी, मग त्यांची घरं वेगवेगळी. स्टिकर आईवडिलांच्या समोर पुसायचं आणि ज्यांच्याकडे गेलं त्यांच्या घरी वर्गशिक्षकाने फोन करायचा. प्रार्थनेला सर्वांसमोर माफी मागायला लावायची नाही. त्या माफीचं संध्याकाळपर्यंत दुसरं स्टिकर होतं.

गोष्ट उघड्या अंगाच्या फोटोची असेल तर चाल पूर्ण वेगळी. लोक 'पुरावा' म्हणून तो फोटो शिक्षकांना पाठवतात, शिक्षक मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक संस्थेला. अठराखालच्या मुलाचं अश्लील चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हा पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी. म्हणून आमच्या शिक्षकखोलीत एक कागद लावला आहे: फोटो मागू नका, घेऊ नका, पाठवू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी. तक्रार पोलिसांकडे किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर. असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे, त्यामुळे 'घरातल्या घरात मिटवू' हा पर्याय शाळेकडे नसतो. शिवाय 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सोय आहे. तिथे फोटो कुणाकडे न पाठवता फोनवरच त्याची अंकी खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो शोधून काढून टाकतात. ही सोय बहुतेक पोलीस ठाण्यांपेक्षा मुलांना जास्त धीर देते, असं माझं मत आहे.

७. करार मुलींवर उलटू नये

पालकांनी मिळून नियम केले की ते मुलींना कडक आणि मुलांना सैल लागतात. सातवीतल्या मुलीचा फोन नऊला आजीच्या उशाखाली, तिच्या नववीतल्या भावाचा मात्र 'क्लासचं असतं त्याचं'. यात नवल नाही, पण गप्प बसूनही चालत नाही. कुणाच्या फोटोवर कुणी शेरा मारला की शेरा मारणारा शाळेत येत राहतो आणि जिचा फोटो तिची शाळा धोक्यात येते. "कशाला शिकवायचं आता, बघू एखादं स्थळ" हे वाक्य आठवीतल्या मुलीच्या बाबतीत मी ऐकलेलं आहे. तेव्हा घरी जाऊन बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, कायद्याचं नाव सहज निघेल असं बघावं लागतं.

मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीचा उपयोग इथे होतो, ती कागदावरून उठली तर. आमच्या समितीतल्या एका आजीबाईंनी अशा घरात जाऊन पहिला प्रश्न विचारला होता: "शेरा मारणाऱ्याचा फोन कुणी काढला का?"

८. सांगायला आलेल्याचा फोन काढून घेऊ नये

मुलं सांगत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सांगितलं की फोन जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून शाळा आणि घर दोघांनी एकाच शब्दांत सांगायचं: तू येऊन सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. आणि ते पाळायचं, हात शिवशिवले तरी.

९. सातवीत उशीर झालेला असतो

सातवीच्या पालकांशी बोलताना बऱ्याच घरांत फोन आधीच आलेला असतो. आलेला परत घेणं जड जातं. म्हणून आता पाचवीच्या प्रवेशाच्या वेळीच हा विषय काढतो, जून महिन्यात, वह्या-पुस्तकांच्या यादीसोबत. एक साधा कागद असतो. त्यावर वर सांगितलेल्या तीन गोष्टी, शाळेने काय पाळायचं त्या दोन ओळी, आणि खाली सहीची जागा. शाळेच्या ओळी आम्ही आधी लिहितो: गृहपाठ फळ्यावर आणि फोटो विचारल्याशिवाय नाही. फोन जागेवर राहिला की संध्याकाळी मुलं रिकामी होतात. त्यांच्यासाठी मैदानाचं फाटक सातपर्यंत उघडं ठेवायचं म्हणून शिपाईमामांची वेळ बदलावी लागली, आणि ते संस्थेकडून मंजूर करून घेण्यात बाकी सगळ्यापेक्षा जास्त दिवस गेले.

यंदाही काही पालकांनी सही केली नाही. कुणाचा धाकटा भाऊ परदेशातून फोन आणणार आहे, कुणाला शाळेनं घरात डोकावणं पसंत नाही. त्यांच्या मुलांना आम्ही वेगळं वागवत नाही आणि त्या घरांना पुढच्या सभेचं बोलावणं दैनंदिनीत लिहूनच जातं.